लदेणीची गाठ

११ जानेवारी २००६

मामा, जय सेवालाल.

तुमच्या तांड्यावर मोबाइलची रेंज येत नाही आणि आमच्या ठाण्यातल्या फोनला रायटरचे कान चिकटलेले असतात, म्हणून पत्र लिहिते आहे. नाही तरी तुम्हीच म्हणायचे, बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं कोर्टात. तुमची भाची फौजदार होऊन अजून वर्ष झालं नाही, पण लिहायची खोड मात्र तुमच्याकडून पुरती उचलली आहे.

काल सकाळी खुनाच्या जागेवर पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या आधी पोचले. गावाबाहेर एका व्यापाऱ्याचं कापसाचं आवार आहे. तिथला राखणदार उकंडा, कोलाम म्हातारा, शेडच्या लोखंडी खांबाला मागे हात बांधलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. तोंडात कापसाचा बोळा. ढिगातला काही कापूस टेम्पोत भरून नेलेला. म्हातारा दमेकरी होता, गुदमरून गेला असं डॉक्टर म्हणतात. मामा, त्याचे हात सुटले असते तर त्याने बोळा काढून टाकला असता आणि आज मला शिव्या देत जबाब दिला असता.

बघ्यांची जत्रा जमली होती. एक शिपाई दया येऊन गाठ सोडायला धावला. मी अशी ओरडले की बाजूचा बैल बुजला. लहानपणी तुमच्या अंगणात तुमचा सुनील आणि मी पंचनामा-पंचनामा खेळायचो, तेव्हा तुम्ही शिकवलं होतं ना, गाठ ही बांधणाराची सही असते, ती खोडायची नाही, दोर लांबून कापायचा. तसंच केलं. गाठीपासून हातभर अंतरावर दोर कापला, कापलेल्या टोकांना दोऱ्याने खूण बांधली, कापडात शिवून लाखेचं सील लावलं. गाठीचं मोकळं टोक म्हाताऱ्याच्या उजव्या मुठीत होतं. मूठ ताठ झालेली. तेही पंचनाम्यात लिहिलं. फोटोवाल्याने फोटो पुढून काढले, त्यामुळे मूठ एकाही फोटोत आली नाही.

ठाणेदार साहेब उन्हं वर आल्यावर आले. माझं शिवणकाम बघून म्हणाले, "मॅडम, दोर आहे तो, मंगळसूत्र नाही." सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

मला विचारायचं ते एवढंच. गाठ ओझ्याची वाटते. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख हिंडायचे, त्या लदेणीची गाठ तुम्ही आम्हाला शिकवली होती. बैल चालेल तशी आवळत जाणारी आणि टोक ओढलं की सुटणारी. ही तीच असेल का? आणि आता जिल्ह्यात ती येते तरी कुणाला?

याडी बरी आहे ना? आईच्या जिवाला घोर नको, तिला सांगा, क्वार्टरला भिंत ठाण्याची आहे, चोराची भीती नाही.

तुमची,
उज्ज्वला

ता.क. सुनीलचा कापूस विकला गेला का?


२० जानेवारी २००६

चि. फौजदारीणबाईंस डोंगरसिंग जमादाराचा कडक सॅल्यूट.

तीस वर्षं खाकीत काढली, कुणाला सॅल्यूट मारताना एवढी छाती फुगली नव्हती. तुझं पत्र पोस्टमननं आणलं तेव्हा अंगणात तांड्याचा रामलाल नाईक बसला होता. त्याला वाचून दाखवलं. दोर कापल्याची जागा आली तेव्हा मी थांबलो आणि म्हणालो, "हे पाय, हे आमचं खातं." नाईक म्हणाला, "जमादार, तुम्ही सुटले खात्यातून, खातं काही तुमच्यातून सुटलं नाही." खरंच आहे.

आता कामाचं. सील लावलंस ते बरं केलंस, पण सीलचा नमुना पंचाच्या हाती दिलास का? दिला नसशील तर आज दे. मुद्देमाल रायटरच्या कपाटात ठेवू नकोस. पंच ठाण्यासमोरचे चहावाले घेऊ नकोस, ते सालभर पंच होऊन बसलेले असतात आणि उलटतपासणीत वकील त्यांना सोलून काढतो. आरोपी पोलिसांसमोर काय कबूल करतो याला कोर्टात कवडीची किंमत नाही. वस्तू काय सांगते ते बघ. माणूस मार खाऊन बदलतो, वस्तू बदलत नाही.

गाठीचं म्हणशील तर ओझ्याच्या गाठी सगळ्यांनाच येतात. हमाल, गाडीवान, कापसाच्या गाड्या भरणारे, सगळे. लदेणीचीच असं छातीठोक म्हणू नकोस. शेवटचा वेढा एकेरी होता की दुहेरी, ते तू लिहिलं नाहीस. ते कळव. बाकी ठीक.

सुनील बरा आहे. घरीच असतो. संक्रांतीच्या आधीपासून त्याला ताप होता, कुठं गेला-आला नाही. कापसाचं काय सांगावं, सरकारी खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हलत नाही, आणि हलली तर ग्रेडर म्हणतो ओला आहे. तुझी मामी लालीबाई त्याला जपते आहे. तू काळजी करू नकोस आणि त्याला पत्र वगैरे लिहू नकोस, वाचायचा त्याला कंटाळा.

तुझा,
डोंगरसिंगमामा


२९ जानेवारी २००६

मामा,

दुहेरी. आतला वेढा घट्ट, बाहेरचा सैल.

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही तेवढंच विचारलंत, म्हणजे तुम्हाला कळलं होतंच. आपण दोघं एकमेकांचे जबाब घेत बसलो आहोत, मामा. आता पुरे.

सुनीलचा डावा अंगठा मळणीयंत्रात गेला तेव्हापासून त्याचा शेवटचा वेढा धरून राहत नाही, म्हणून तो दोनदा फिरवतो. तसं दुसरं कुणी करत नाही. तुमच्या घरी वैरणीचे भारे, गाठोडी, खाटेचं सुंभ, सगळ्यावर मी ती गाठ बघितली आहे. खांबाजवळ वाकले आणि तीच दिसली. तरी दोर नीट कापला. हात शिकवल्याप्रमाणे चालत होते.

तुम्ही लिहिलंत की तो तापाने घरी होता. मामा, उकंडा मरायच्या दोन-तीन दिवस आधी सुनील माझ्या क्वार्टरवर चहा पिऊन गेला. म्हणाला, "फौजदारीण, तुह्या गावात कापूस आणला. तिकडं रांग सरकतच नाही, इकडं भाव बरा देतात म्हणे." दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा चेहरा उतरलेला. व्यापाऱ्याच्या माणसांनी कापूस आवारात ओतून घेतला आणि मग म्हणाले, ओला आहे, घेत नाही. परत द्या म्हटलं तर म्हणे, आता ढिगात मिसळला, कोणता तुझा ते ओळखून घेऊन जा. मी म्हणाले, तक्रार दे. तो हसला. "कोणापाशी देऊ, तुह्या साहेबापाशी? तो सकाळी त्यायच्याच गादीवर चहा पेते."

म्हणजे या गुन्ह्यात मी साक्षीदार आहे आणि पंचनामा माझाच आहे.

आता दुसरं ऐका. पाच दिवसांपूर्वी साहेबांनी बोरी अरबच्या हबीब मिस्त्रीला उचललं. त्याच्या गॅरेजात फाटक्या सायलेन्सरचा एक टेम्पो दुरुस्तीला उभा होता, आणि आवाराच्या शेजाऱ्याने तसाच आवाज ऐकला होता. बस, एवढंच. गॅरेजमागून कापसाची दोन गाठोडी "काढून दिली" म्हणे. पंच कोण? ठाण्यासमोरचा चहावाला आणि पानठेलावाला. तुम्ही नको म्हणालात तीच माणसं.

साहेब जेवायला गेले तेव्हा मी हबीबपुढे गोणी आणि दोर टाकला आणि म्हणाले, बांधा. त्याने साधी आडगाठ मारली, तीही सुटली. ओशाळून म्हणाला, "मॅडम, गाठ नाही येत मले. मले नट आवळता येते." त्याच्या बोटांना अजून ग्रीस होतं. त्या दिवशी तळपायही सुजलेले होते. माझ्या स्वयंपाकघराची भिंत कोठडीला लागून आहे. मी कुकरची शिट्टी होऊ देते, म्हणजे मला ऐकू येत नाही.

त्याची बायको कमरुन्निसा रोज डबा घेऊन येते, बरोबर मुलगी नाजिया. ठाण्यात मी एकटी बाई म्हणून माझ्याचकडे येऊन उभी राहते. काल म्हणाली, "मॅडम, तुमी बाईमाणूस हा. खरं काय थे तुमाले दिसत असन." मी फाइल उघडून बसले. फाइल उलटी होती.

साहेबांनी सांगितलं आहे, दोराची लांबी मोजायची आहे, गाठ सोडा, आणि पंचनाम्यात "साधी गाठ" असं दुरुस्त करून आणा.

तुमच्याशिवाय मला हे विचारायला कुणी नाही आणि तुम्हालाच विचारता येत नाही. तरी विचारते. काय करू?

उज्ज्वला


६ फेब्रुवारी २००६

उज्ज्वला,

हे पत्र वाचून चुलीत घाल.

गाठीवरून माणूस ठरत नाही. दुहेरी वेढा कुणीही घेतो. बोटं दुखत असतील, दोर ओला असेल, अंधारात घाईत घेतला असेल. कुठलाही वकील अर्ध्या घटकेत तुझ्या गाठीचा धागा न् धागा वेगळा करील. तू नवी आहेस, तुला वाटतं सापडलं म्हणजे सिद्ध झालं. तसं नसतं.

आजारपणाची रजा टाक आणि याडीकडे ये. मुद्देमाल साहेबाच्या ताब्यात देऊन पावती घे. त्याला गाठ सोडायची तर सोडू दे. बाहेरचा वेढा सैल आहे म्हणतेस, म्हणजे ती सुटायलाच आलेली आहे. जुना दोर आहे, कपाटात उंदीर असतात, काहीही होतं. तू काही केलंस असं कुणी म्हणणार नाही.

मिस्त्रीचं देव बघेल. त्याच्या जातीच्या लोकांचा वकील बरा असतो, सुटेल.

तुझा बाप खेमसिंग गेला तेव्हा तू केवढीशी होतीस. माझी बदली वणीला, घरी जनावरं, शेत. सुनीलनं दप्तर खुंटीला टांगलं ते तुझं टांगायची पाळी येऊ नये म्हणून. तो हे कधी बोलला नाही, मी बोलतो आहे. उपकार फेडायचे नसतात हे मलाही कळतं. पण विसरायचेही नसतात.

डोंगरसिंग


१५ फेब्रुवारी २००६

मामा,

तुमचं पत्र चुलीत घातलं नाही. माझ्याकडे गॅस आहे.

चिडून लिहिलं वरचं. राहू दे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दप्तराची गोष्ट मला माहीत होती. याडीने सांगितली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी, म्हणजे मी नापास होऊ नये म्हणून. त्या ओझ्याखालीच मी पास होत गेले. पण मामा, सुनीलने दप्तर टांगलं त्याची किंमत हबीबच्या नाजियाने का द्यायची? ती सातवीत आहे. बाप कोठडीतून यवतमाळच्या जेलात गेला तसं तिने शाळेत जाणं सोडलं. कमरुन्निसा सांगत होती, पोरी तिला बापाचं विचारतात.

आणि "त्याच्या जातीच्या लोकांचा" असं तुम्ही लिहिलंत. आपल्या तांड्यावर चोरीच्या संशयाने जीप यायची तेव्हा "यांची जातच तशी" म्हणणाऱ्या फौजदाराशी तुम्ही भांडला होता. ती गोष्ट मी अकादमीत सगळ्यांना सांगितली आहे. आता कुणाला सांगू?

तुम्ही सांगितलंत ते मी करून बघितलं. खोटं बोलत नाही. परवा साहेब यवतमाळला गेले होते. पंचनाम्याचा कागद आणि गाठीचं ते शिवलेलं पाकीट पुढ्यात घेऊन बसले. कापडावरून गाठ चाचपली. टोकही हाताला लागत होतं. शिवण उसवून एक हिसका दिला असता की झालं होतं. आपल्याला ती तशीच सुटते. लहानपणी तुम्ही आम्हाला खाटेला बांधायचे आणि टोक मुठीत द्यायचे, ओढा आणि पळा म्हणायचे. मी नेहमी सुनीलच्या आधी पळायची.

टोक मुठीत द्यायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मामा. मीच लिहिलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. उकंडाच्या मुठीत टोक आपोआप गेलं नाही. सुनीलने ते त्याच्या मुठीत दिलं होतं. आपण निघून गेलो की म्हातारा ओढेल आणि सुटेल, असं त्याला वाटलं. सुनीलला मारायचं नव्हतं. पण उकंडा कोलाम. त्याने कधी बैलावर मीठ लादलं नाही. हाताने जोर लावून बघितला असेल, तेवढी गाठ आवळत गेली असेल.

साहेबांनी लावलेलं कलम खुनाचं आहे. ही गाठ आणि मूठ सुनीलला त्यातून बाहेर काढील. दुसरं काहीही काढणार नाही. पण ती नुसती कपाटात ठेवून बोलत नाही. कोर्टात कुणीतरी उभं राहून सांगावं लागेल की ही लदेणीची गाठ आहे, ती अशी बांधतात, अशी सोडतात, आणि टोक मुठीत देणारा माणूस मारायला आलेला नसतो. मी सांगू शकत नाही, मी नात्यातली. जिल्ह्यात हे सांगू शकणारा एकच माणूस आहे.

तुम्ही मला जी वस्तू उंदरांना घालायला सांगितली, ती तुमच्या मुलाच्या बाजूची एकुलती एक साक्षीदार आहे.

उज्ज्वला


२७ फेब्रुवारी २००६

मामा,

उत्तर नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो, मी रोज बाहेर उभी असते, आता तोच मान हलवून पुढे जातो.

माझी बदली कंट्रोल रूमला झाली आहे. पंचनामा दुरुस्त करून दिला नाही म्हणून. येत्या सोमवारी चार्ज द्यायचा, त्यात मुद्देमालाच्या कपाटाची किल्लीही आली. किल्ली गेली की संध्याकाळपर्यंत गाठही जाईल. क्वार्टर सोडायला सांगितलं आहे. ठाण्यात कुणी बोलत नाही, चहा आला की माझ्या टेबलाला वळसा घालून जातो. बाहेर पडले की कमरुन्निसा, आत आले की साहेब, घरात आले की तुमचं पत्र.

चार्ज देण्याआधी मी त्याच सोमवारी सकाळी वरच्या साहेबांकडे अर्ज देणार आहे. त्यात सुनीलचं नाव, आमचं नातं, त्याचं माझ्याकडे येणं, सगळं लिहिलं आहे. पाकीट कोर्टाच्या ताब्यात घ्यावं अशी विनंती केली आहे. आधी कळवते आहे, कारण तांड्यावर जीप आल्यावर तुम्हाला कळू नये. माझ्याकडून कळावं.

त्याला पळवून लावायचं असेल तर तुमच्या हातात आठवडा आहे. हे मी लिहायला नको होतं. लिहून गेले.

उज्ज्वला


४ मार्च २००६

प्रति,
उज्ज्वला खेमसिंग पवार,
पोलिस उपनिरीक्षक यांस

अर्जदार : डोंगरसिंग राठोड, सेवानिवृत्त जमादार, रामलाल नाईक तांडा, फुलसावंगीजवळ
विषय : गाठीचा नमुना सादर करण्याबाबत

महोदया,

वरीलप्रमाणे लिहून मघापासून बसलो आहे. पुढचं अर्जासारखं लिहवत नाही, तेव्हा पत्रासारखं लिहितो. अर्ज तू करून घे.

रामलाल नाईक हे पत्र आणि एक शिवलेलं पाकीट तुझ्या हाती देईल. पाकिटावर लाख आहे. ठसा माझ्या जुन्या पितळी बिल्ल्याचा, आणि तो बिल्ला तांड्यावरच्या हंसाबाईच्या ताब्यात आहे. ती दुसरी पंच. नमुना कसा घेतला ते लिहितो.

काल दुपारी अंगणात फरतडीचा, शेवटच्या वेचणीचा कापूस पडला होता. नाईक आणि हंसाबाई लिंबाखाली बसले होते. त्यांना आधी एवढंच सांगितलं होतं, की सुनील काय करतो ते बघा आणि मध्ये बोलू नका. ज्याचा नमुना घ्यायचा त्याला कारण कळू द्यायचं नसतं, नाही तर हात बदलतो. हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. सुनीलला म्हणालो, एवढं गाठोडं बांधून दे. तो आला, गुडघा टेकवला, दोर आवळला, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी एक वेढा घेतला आणि मग दुसरा. त्याला वेळ लागला नाही. मग मी विळा घेतला आणि गाठीपासून हातभर लांब दोर कापला.

जमादाराचा पोरगा आहे. तुमच्या त्या खेळात तो नेहमी पंच व्हायचा. विळ्याकडे पाहिलं, नाइकाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. बोलला आपल्या बोलीत, मी मराठीत लिहितो.

"काहून कापला, बा? ओढलं असतं तं सुटली असती."

पोरी, इथं तुझी एक चूक मला दुरुस्त करायची आहे. तुला वाटलं उकंडाला कळलंच नाही. तू एकेरी गाठ शिकलीस आणि शिकायला निघून गेलीस. सुनीलची दुहेरी गाठ तू पाहिली आहेस, सोडली कधी नाहीस. आम्ही घरात रोज सोडतो. तिला दोन हिसके लागतात. पहिल्या हिसक्याला बाहेरचा वेढा सैल पडतो आणि गाठ तशीच राहते. दुसऱ्याला सुटते. तुझ्या पंचनाम्यातला बाहेरचा वेढा सैल होता. मला हे तुझं जानेवारीचं पत्र वाचताच कळलं होतं, आणि कळूनही मी तुला उंदरांचं लिहिलं.

मी त्याला म्हणालो, "ओढलं होतं त्यानं."

तो म्हणाला, "मंग?"

"एकडाव ओढलं. बाहेरचा येढा ढिला झाला होता. मंग त्याले वाटलं असन, नाही सुटत."

सुनील त्या गाठोड्यावरच बसला. म्हणाला, "मूठ दाबून देली होती म्या त्याले. बोललो नाही. आवाज ओळखला असता त्यानं. भाव ठरोपर्यंत आवारात बसलो होतो तवा एकाच चंचीतून तंबाखू खाल्ला आम्ही." मग म्हणाला, "बोलाले पाह्यजे होतं, बा. दोनदा ओढ, एवढंच सांगाचं होतं."

तेव्हापासून तो तेवढंच बोलून राहिला आहे.

तू आठवडा दिला होतास. त्याची आई म्हणाली असती तर कदाचित मी त्याला तेलंगणात पाठवलंही असतं, आपली माणसं आहेत तिकडं. मी तसं म्हणून पाहिलं. त्यानंच मान हलवली. "थो मिस्त्री कोण हाय, बा?" असं विचारलं. मी हबीब एवढं नाव सांगितलं. नाजियाचं मी सांगितलं नाही, माझ्यानं झालं नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं येतो. ठाण्यावर येणार नाही, सरळ यवतमाळला, तुझ्या वरच्या साहेबाच्या दारात. तू तिथं अर्ज घेऊन उभी राहा, पण आमच्यापासून लांब. नात्यातली आहेस, कुणी बोट दाखवायला नको. बरोबर कोण होते ती नावं तो स्वतः सांगेल. गाठीचं मी सांगेन. अजून सगळं नीट आठवतं, उलटतपासणीला भीत नाही.

माझं चुलीतलं पत्र फायलीला जोड. पुरावा नाहीसा करायला सांगितल्याचं कलम तुला पाठ आहे. तुझ्या हातून ते सुटायला नको.

लालीबाईला सांगितलं आहे की साक्षीला जातो. तिनं दोघांच्या भाकरी बांधायला घेतल्या आहेत. कमरुन्निसाबाई भेटल्या तर त्यांना सांग, मालक घरी येतील, थोडे दिवस लागतील. माझं नाव सांगू नकोस.

शेवटचं एक. त्याला कोर्टात नेताना बेडी घालतील. ती तू घालू नकोस, आणि जो घालेल त्याला आधीच सांगून ठेव. डाव्या हाताला अंगठा नाही, बेडी निसटते, म्हणून शिपाई ती आवळतात. मीही आवळायचो. त्यांना म्हणावं, आवळू नका. पोरगा पळणार नाही.

तुझा,
मामा